शिरोडकर टाका आणि सोनोग्राफी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

गर्भाशयमुखाच्या दुर्बलतेमुळे चौथ्या ते सहाव्या महिन्यात वारंवार होणाऱ्या गर्भपातावरील जगन्मान्य शस्त्रक्रिया मुंबईत घडली, ही बाब आपल्या इतिहासलेखनात उपेक्षित राहिली आहे. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. मांडीतील स्नायुआवरणाची पट्टी काढून ती गर्भाशयमुखाभोवती आवळून बांधावयाची, असे तिचे मूळ स्वरूप होते. इयान डोनाल्ड यांचा ध्वनिलहरींद्वारे गर्भाशय पाहण्यासंबंधीचा निबंध त्यानंतर, १९५८ मध्ये आला. साहजिकच शिरोडकरांची भिस्त मुख्यतः बोटांच्या स्पर्शावर आणि स्त्रीने सांगितलेल्या पूर्वेतिहासावर होती. यांपैकी दुसरे साधन अधिक मोलाचे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढे योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीने गर्भाशयमुखाची लांबी मोजता येऊ लागली. चोवीस आठवड्यांपूर्वी ती २५ मिलिमीटरहून कमी भरल्यास अकाली प्रसूतीचा धोका मानला जातो. मात्र महाराष्ट्रात या यंत्राचा इतिहास गर्भलिंगनिदानाने काळवंडला. त्याविरुद्धचा राज्याचा १९८८ चा कायदा देशातील पहिला होय. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. आज अकलूजच्या सोनोग्राफी केंद्रातही, गर्भ टिकावा म्हणून मोजणीसाठी आलेली स्त्री प्रथम गर्भाचे लिंग आपणास जाणून घ्यावयाचे नाही, असे लिहून देते.