विंडोजवर सेटअप फाईल चालत नाहीये? अँटिव्हायरस बंद करण्याआधी हे वाचा

मोबाईलवर अ‍ॅप टाकायचं म्हणजे प्ले स्टोअर उघडा, इन्स्टॉल दाबा, झालं. आपल्या फोनला कोणतं अ‍ॅप चालेल हे स्टोअरच बघतं. विंडोजवर मात्र वेबसाईटवरून योग्य फाईल निवडायचं काम आपलं. त्यामुळे कॉलेजसाठी पहिला लॅपटॉप घेतलेल्या भावंडांचे मला मेसेज येतात : "ताई, सेटअप रन होत नाहीये. अँटिव्हायरस बंद करू का?"

माझं उत्तर ठरलेलं असतं : आधी स्क्रीनवरचा मेसेज पूर्ण वाच. सेटअप कशामुळे अडलंय हे बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं. चला, नेहमी दिसणारे मेसेज एकेक करून बघू.

१) "धिस अ‍ॅप कान्ट रन ऑन युवर पीसी"

फाईल आणि विंडोज यांची जोडी जुळत नाही. सेटिंग्ज > सिस्टिम > अबाऊट इथे जाऊन "सिस्टिम टाईप" बघा. ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचा प्रोग्रॅम चालतो, पण ३२ बिट विंडोजवर ६४ बिटचा चालत नाही. तसंच, एआरएम प्रोसेसरसाठी बनवलेली फाईल इंटेल किंवा एएमडीच्या लॅपटॉपवर चालणार नाही. डाऊनलोड करताना आपल्या सिस्टिम टाईपची फाईल निवडा.

जोडी बरोबर असूनही हाच मेसेज येत असेल तर डाऊनलोड अर्धवट झालेलं असू शकतं. फाईल डिलीट करून पुन्हा उतरवा.

२) विंडोज जुनं असेल तर

काही सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या जुन्या विंडोजवर चालतच नाहीत. उदाहरणार्थ, पायथन ३.९ आणि त्यापुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. इथे सेटिंग्ज बदलून उपयोग नाही. डाऊनलोड पेजवर "सिस्टिम रिक्वायरमेंट्स" आधी वाचा.

३) "विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी"

निळ्या चौकटीतला हा मेसेज स्मार्टस्क्रीनचा. बऱ्याचदा त्याचा अर्थ "व्हायरस सापडला" असा नसतो. "ही फाईल माझ्या ओळखीची नाही" एवढाच असतो. छोट्या डेव्हलपरच्या नव्या, चांगल्या अ‍ॅपलाही तो येतो.

अशा वेळी फाईलवर राईट क्लिक > प्रॉपर्टीज > डिजिटल सिग्नेचर्स बघा. तिथे ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर आहे तिचंच नाव हवं. हा टॅबच नसेल तर फाईलवर सही नाही. मग ती नक्की कुठून आली हे अजून नीट तपासा. अधिकृत वेबसाईटवरूनच घेतली असेल तर "मोअर इन्फो" आणि मग "रन एनीवे". मित्राच्या पेन ड्राईव्हवरून किंवा टेलिग्रामवरून आली असेल तर सरळ डिलीट करा.

४) "डीएलएल वॉज नॉट फाउंड"

नावात "व्हीसीरनटाइम" असेल तर मायक्रोसॉफ्टचं "व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल" हवं आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या साईटवर फुकट मिळतं. सुटी डीएलएल फाईल भलत्याच साईटवरून आणून टाकू नका.

५) "अनदर इन्स्टॉलेशन इज ऑलरेडी इन प्रोग्रेस" (एरर १६१८)

मागे दुसरं काहीतरी इन्स्टॉल होतंय. थोडं थांबा. नाहीच सुटलं तर रीस्टार्ट करा. शट डाऊन नाही, रीस्टार्टच! कारण "फास्ट स्टार्टअप" चालू असेल तर शट डाऊन केल्यावरही विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही.

६) डबल क्लिक केलं, काहीच झालं नाही

- फाईल झिपमध्ये असेल तर आधी "एक्स्ट्रॅक्ट ऑल" करा.
- सी ड्राईव्हमध्ये जागा आहे का बघा. इन्स्टॉलर सामान उघडायला तिथला टेम्प फोल्डर वापरतात.
- राईट क्लिक करून "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" द्या. कॉलेज लॅबचा पीसी असेल तर सरांनाच विचारा.

विंडोज "एस मोड"मध्ये असेल तर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरचीच अ‍ॅप्स चालतात आणि तसा मेसेजही येतो. एस मोडमधून बाहेर पडणं फुकट आहे, पण परत आत जाता येत नाही.

आता अँटिव्हायरसचं

"इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा" ही सूचना क्रॅक सॉफ्टवेअरसोबत हमखास असते. "स्टॉप" नावाचं रॅन्समवेअर अशाच क्रॅक फाईल्समधून पसरलं. ते फोटो, असाइनमेंट, प्रोजेक्ट, सगळं लॉक करून पैसे मागतं. दुसऱ्या प्रकारचे व्हायरस ब्राऊझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड गुपचूप पळवतात. मग ईमेल आणि इन्स्टाग्राम दोन्ही गेलं समजा. ऑफिससाठी लिब्रेऑफिस, फोटोसाठी गिम्प फुकट आणि अधिकृत मिळत असताना ही जोखीम कशाला घ्यायची?

एवढं करूनही अडलं, तर जाणकाराला विचारताना तीन गोष्टी पाठवा : मेसेजचा पूर्ण स्क्रीनशॉट, सिस्टिम टाईप आणि फाईल जिथून घेतली ती लिंक. नुसतं "चालत नाहीये" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.