भोपळ्याचे बी आणि टपालाची शाळा

कलम बांधणे पुस्तकावरून शिकता येईल का? डोळा भरताना सालीला किती खोल छेद द्यायचा, छाटणी करताना फांदी नेमकी कोठे कापायची, या गोष्टी हाताला कळाव्या लागतात. नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने उद्यानविद्येचे शिक्षण मराठीतून आणि दूरशिक्षणाने देऊ केले, तेव्हा हा प्रश्न आपल्याही दारात आला. प्रश्न मात्र त्याहून बराच जुना आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत त्याचे एक उत्तर शोधले गेले, आणि त्याच्या केंद्रस्थानी होते खेड्यांतील शाळांचे शिक्षक.

१८९० नंतरच्या मंदीत न्यूयॉर्क राज्यातील शेती अडचणीत आली. खेडी सोडून तरुण मुले न्यूयॉर्क शहरात येऊ लागली आणि शहरात त्यांनाही काम मिळेना. शहरातील काही दानशूर मंडळींनी समिती नेमून कारणांचा शोध घेतला. शाळेतच मुलांना शेतीची, निसर्गाची गोडी लावली तर ती गावात टिकतील, असा समितीचा निष्कर्ष निघाला. शेतमालाला भाव नसताना केवळ गोडीने कोणी गावात राहील, ही समजूत भाबडीच म्हणायला हवी. पण त्या भाबडेपणातून एक चांगले काम उभे राहिले.

त्याच सुमारास राज्याच्या पश्चिम टोकाच्या शटॉक्वा भागातील द्राक्ष बागायतदार शास्त्रीय सल्ल्यासाठी धडपडत होते. वेस्टफील्ड गावचे फळबागायतदार जॉन वॉल्टन स्पेन्सर त्यांत पुढे होते. त्यांच्या भागातील आमदाराच्या प्रयत्नाने १८९४ साली राज्याने या कामासाठी ८,००० डॉलर मंजूर केले आणि ते कॉर्नेल विद्यापीठाकडे आले. तेथे उद्यानविद्येचे प्राध्यापक होते लिबर्टी हाइड बेली. मिशिगनमधील फळबागेत वाढलेला हा माणूस झाडे आणि पुस्तके दोन्ही सारख्याच सहजतेने हाताळी.

बेलींनी सुरुवात केली ती समोरासमोरच्या शिकवण्याने. १८९४ च्या डिसेंबरात फ्रेडोनिया गावी बागायतदारांसाठी काही दिवसांची शाळा भरली. तेथे व्याख्यानाआधी प्रत्येकाच्या हातात एखादे पान, मूळ किंवा काडी दिली जाई आणि तुम्हाला काय दिसते, एवढेच विचारले जाई. जन्मभर बागेत राबलेल्या माणसांनाही आपण हे कधी नीट पाहिले नव्हते, असे तेथे उमगत असे.

पण अशा शाळा किती गावांत भरवणार? १८९६ साली शाळांतील निसर्गशिक्षणाचे कामही कॉर्नेलकडे आले. राज्यभर विखुरलेल्या शिक्षकांपर्यंत पोचायला टपालाशिवाय मार्ग नव्हता. बहुतेक शिक्षकांना वनस्पतिशास्त्राची ओळख नव्हती, शाळेत उपकरणे नव्हती. डिसेंबर १८९६ मध्ये शिक्षकांसाठी पहिली पत्रिका निघाली. ती बेलींनी स्वतः लिहिली होती. विषय काय निवडावा? भोपळ्याचे रोप बियातून बाहेर कसे पडते!

विषय साधा वाटतो, पण भोपळ्याच्या बियात एक गंमत दडलेली आहे. आडव्या पेरलेल्या बियाच्या निमुळत्या टोकातून आदिमूळ बाहेर येते आणि खाली वळते. मूळ व खोड जेथे जुळतात तेथे, वळणाच्या आतल्या बाजूस, एक लहानशी खुंटी उगवते. ही खुंटी टरफलाची खालची कड दाबून धरते. वर खोडाची कमान ताणली जाते, टरफलाची दोन शकले विलग होतात आणि त्यांतून दोन्ही बीजपत्रे अलगद ओढून घेतली जातात. बी उभे पेरले तर ही पकड अनेकदा चुकते, आणि रोप टरफलाची टोपी डोक्यावर घेऊनच मातीबाहेर येते. चार्ल्स डार्विन यांनी १८८० च्या आपल्या पुस्तकात या खुंटीचे वर्णन केले होते. गोष्ट तेथेच संपली नाही. १९९८ साली डिस्कव्हरी अवकाशयानात भोपळ्याच्याच कुळातील काकडीचे बी रुजवले, तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ अभावात एकाऐवजी दोन्ही बाजूंना खुंट्या आल्या. म्हणजे पृथ्वीवर वरच्या बाजूची खुंटी गुरुत्वाकर्षणामुळे दबून राहते.

शिक्षकाला यासाठी काय लागणार होते? मूठभर बिया, एक खोके, माती आणि रोज एखादे बी उकरून पाहण्याची तयारी. टपालाने ज्ञान पाठवता येत नसले, तरी काम पाठवता येते, हे बेलींनी ओळखले होते. कलम बांधणे पत्रिकेतून येणार नाही, हे त्यांना माहीत होतेच. पाहण्याची सवय मात्र लावता येत होती, आणि हात पुढे कोठेही गेला तरी त्याला ती उपयोगी पडणार होती.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे उत्तर. शेतकऱ्यांसाठी माती, मशागत अशा विषयांवर वाचनमाला निघाली. तिच्यासोबत प्रश्नपत्रक असे व ते भरून परत पाठवायचे असे. वेस्टफील्डचे स्पेन्सर आता कॉर्नेलमध्ये आले होते. त्यांनी मुलांची निसर्गमंडळे काढली. मंडळाची वर्गणी पैशात नव्हती. आपण काय पाहिले याचे पत्र ‘अंकल जॉन’ यांना लिहिणे हीच वर्गणी. तेच पत्र वर्गात निबंध म्हणून धरले जाई, त्यामुळे शिक्षकाचे ओझेही वाढत नसे. हजारो मुलांनी अशी पत्रे लिहिली. शेतकरी स्त्रियांचे काय, हा प्रश्नही आला. मार्था व्हॅन रेन्सेलर या पूर्वीच्या शाळा-अधिकारी बाईंनी १९०० साली त्यांच्यासाठी वेगळी वाचनमाला सुरू केली.

मूळ हेतू मात्र साधला नाही. मुले शहराकडे जातच राहिली. बेलींनाही मुलांना शेतकरी बनवणे हे निसर्गशिक्षणाचे काम वाटत नव्हते; १९०३ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी निसर्गाविषयीच्या आपलेपणावर भर दिला. काही शास्त्रज्ञांना हा सारा हळवेपणा वाटे.

शिक्षकांसाठीच्या घरबसल्या निसर्ग-अभ्यासक्रमाची धुरा पुढे ॲना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक यांनी सांभाळली. त्या मूळच्या चित्रकार, काष्ठखुदाईत निपुण. शिक्षकाला एखादे उत्तर येत नसेल तर त्याने तसे सरळ सांगावे आणि मुलांबरोबर शोधायला लागावे, असे त्या सांगत. आपल्यापैकी अनेकांना हे आजही जड जाते. या अभ्यासक्रमाच्या धड्यांतून १९११ साली त्यांचा निसर्गशिक्षणाचा मोठा ग्रंथ तयार झाला. तो अजूनही छापला जातो. १८९९ साली त्यांना सहायक प्राध्यापकपद मिळाले होते, पण स्त्रीला ते पद नको म्हणून विश्वस्तांनी हरकत घेतली व त्यांना व्याख्यात्या केले. पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १९२० साली. तेव्हा निवृत्तीला दोन वर्षे उरली होती.