पुशरॉडची लांबी: छापील आंकडा आणि हातचें माप



मोटारींच्या इतिहासांत कारखानदारांचीं, शर्यतींचीं आणि धनिक मालकांचीं नांवें पुष्कळ येतात. आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे, तिचा उल्लेख त्यांत क्वचितच होतो. ही वस्तु म्हणजे पुशरॉड: जाडीनें पेन्सिलीएवढा आणि लांबीनें साधारण वीतभर असा एक पोलादी दांडा. हा दांडा नेमका किती लांब असावा, हें ठरविण्याचा अधिकार एका काळीं कारागिराच्या हातीं होता. तो कारखान्याच्या हातीं गेला, आणि शर्यतीचें इंजिन बांधतांना तो पुन्हां कारागिराकडे परत आला. हें स्थित्यंतर कसें घडलें आणि त्यापासून काय शिकावयाचें, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम या दांड्याचें काम पाहूं. सिलिंडरांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत घेण्यास एक झडप असते आणि जळालेला वायु बाहेर सोडण्यास दुसरी. कारागीर या झडपेस व्हॉल्व्ह म्हणतात. व्हॉल्व्ह योग्य क्षणीं उघडण्याची आज्ञा कॅमशाफ्ट नांवाचा, ठिकठिकाणीं उंचवटे असलेला, फिरता दांडा देतो. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर आणि कॅमशाफ्ट खालीं इंजिनाच्या पोटांत, अशी रचना असली म्हणजे खालची आज्ञा वर पोंचविण्यास एक जासूद लागतो. उंचवटा टॅपेट उचलतो, टॅपेट पुशरॉडला वर ढकलतें, पुशरॉड रॉकर नांवाच्या तरफेचें एक टोंक उचलतो, आणि तरफेचें दुसरें टोंक व्हॉल्व्ह दाबून उघडतें. इंजिन मिनिटास ६,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदास ५० वेळां उघडतो व मिटतो.

आरंभींच्या काळांत बहुतेक मोटारींचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूस, कॅमशाफ्टच्या जवळच असत. त्यांस या जासुदाची गरज नव्हती. १९०८ सालची फोर्डची मॉडेल टी आणि त्याच कारखान्याचें १९३२ सालचें आठ सिलिंडरांचें इंजिन हीं दोन्हीं याच जातीचीं. अमेरिकेंतील ब्यूइक कंपनीनें मात्र १९०४ सालीं विक्रीस काढलेल्या मोटारींत व्हॉल्व्ह माथ्यावर बसविले व ते पुशरॉडनें चालविले. मिश्रणाचा मार्ग सरळ झाल्यामुळें त्याच आकाराच्या इंजिनांतून अधिक शक्ति मिळूं लागली. युरोपांत प्यूजोच्या कारखान्यानें १९१२ सालीं आपल्या शर्यतीच्या मोटारींत दोन कॅमशाफ्टच वर नेले आणि पुशरॉडला रजा दिली. तरीहि साधी, आटोपशीर आणि स्वस्त रचना म्हणून पुशरॉड टिकून राहिला.

याच सुमारास यंत्रविद्येंत दुसरी एक मोठी घडामोड चालू होती. पूर्वीं प्रत्येक भाग कानशीनें घांसून त्याच्या शेजारच्या भागास बेतावा लागे. एका मोटारीचा भाग दुसरीस बसेलच असा भरंवसा नसे. १९०८ सालीं इंग्लंडांत ब्रुकलँड्सच्या शर्यतपथावर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं एक परीक्षा झाली. कॅडिलॅकच्या तीन मोटारी पूर्णपणें सोडविण्यांत आल्या आणि त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यांत आले. कांहीं भाग बाजूस काढून त्यांच्या जागीं साठ्यांतील नवे भाग घालण्यांत आले. मग त्या ढिगांतून, कानस न लावतां, पुन्हां तीन मोटारी उभ्या राहिल्या आणि तिन्ही ५०० मैल धांवल्या. या पराक्रमाबद्दल कंपनीस ड्यूअर ट्रॉफी मिळाली. तेव्हांपासून दुरुस्ती करणाऱ्यास एक मोठें वचन मिळालें: भागाचा छापील नंबर कळवावा, नवा भाग मागवावा, आणि तो निमूटपणें बसवावा. पुशरॉडची लांबी मोजण्याचें आतां कारणच उरलें नाहीं.

परंतु या वचनास एक अट होती. इंजिन कारखान्यांतून जसें निघालें, तसेंच तें राहिलें पाहिजे.

दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांनीं ही अट मोडली. कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर वेगाची चढाओढ करण्याचा छंद त्यांस दुसऱ्या महायुद्धापूर्वींच लागला होता. १९३७ सालीं त्यासाठीं सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्थाहि निघाली होती. जुनीं फोर्ड इंजिनें घेऊन ते त्यांचीं हेडें तासून घेत आणि कॅमशाफ्ट पुन्हां घांसून घेत. महायुद्धानंतर झोरा आर्कस-डंटोव्ह यानें याच फोर्ड इंजिनावर बसणारें, माथ्यावर व्हॉल्व्ह असलेलें आणि पुशरॉडनें चालणारें 'आर्डन' हेड काढलें. पुढें १९५५ सालीं शेव्हरोलेचें २६५ घनइंचांचें आठ सिलिंडरांचें इंजिन आलें. त्यांतील पुशरॉड पोकळ होता. तो धक्का तर वर नेईच, शिवाय आपल्या पोटांतून रॉकरला तेलहि पोंचवी. हौशी कारागिरांनीं हें इंजिन उचलून धरलें, आणि त्यांत फेरफार करतांना जुना प्रश्न त्यांच्यापुढें पुन्हां उभा राहिला.

तो कसा, हें साध्या अंकगणितानें कळेल. हेड ०.०२० इंच तासलें आणि ब्लॉकचा माथा ०.०१० इंच साफ केला, तर रॉकर ०.०३० इंच खालीं येतो. पुशरॉड जवळजवळ तितकाच आंखूड हवा. गॅसकेट पूर्वीपेक्षां ०.०१२ इंच जाड घातलें, तर रॉकर तितका वर जातो. कॅमशाफ्ट पुन्हां घांसतांना त्याचा मूळ गोल भाग लहान होतो, त्रिज्या ०.०३० इंच घटली, तर टॅपेट तितकें खालीं बसतें आणि पुशरॉड लांब हवा. व्हॉल्व्हचा देठ लांब असला किंवा रॉकर निराळ्या घडणीचा असला, तर हिशेब पुन्हां बदलतो. अशा इंजिनास छापील नंबराचा पुशरॉड घालणें म्हणजे जुन्या मापावर नवा अंगरखा शिवणें होय.

म्हणून कारागिरांनीं मोजण्याची एक सोपी रीत बसविली. आट्यांनीं लांब-आंखूड होणारा दोन तुकड्यांचा पुशरॉड घ्यावयाचा. व्हॉल्व्हच्या जोरकस स्प्रिंगेऐवजीं परीक्षेपुरती हलकी स्प्रिंग घालावयाची. टॅपेट कॅमच्या गोल भागावर असतां रॉकर बसवावयाचा. व्हॉल्व्हच्या देठाच्या माथ्यास शाई लावून क्रँकशाफ्ट हातानें कांहीं फेरे फिरवावयाचा, आणि मग रॉकर काढून शाईंत उमटलेला पट्टा पाहावयाचा. रॉकरचें टोंक वर्तुळाच्या चापावर फिरतें, व्हॉल्व्ह मात्र सरळ रेषेंत उतरतो. व्हॉल्व्ह अर्धा उघडला असतां तरफ देठाशीं काटकोन करीत असेल, तर या दोहोंतील घसरण कमींतकमी होते. पट्टा अरुंद व मध्याजवळ उमटला, म्हणजे ही भूमिति साधली. टॅपेट तेलाच्या दाबावर चालणारें असेल, तर परीक्षेपुरतें तें न दबणारें करून माप घेतात, आणि त्याच्या दट्ट्यानें आंत दबावयाचें अंतर, बहुधा ०.०२० ते ०.०६० इंच, मागाहून मिळवितात.

यांत फसगतीच्या दोन जागा आहेत. शेव्हरोलेसारख्या इंजिनांत रॉकरवरची चाकी फिरवून सैलपणा काढतां येतो. लांबी चुकली असली तरी खडखड थांबते, आणि अननुभवी माणूस समाधान पावतो. परंतु आवाज थांबला म्हणजे भूमिति सुधारली असें नव्हे. दुसरी जागा खुद्द मापाचीच. पोकळ पुशरॉडच्या गोल टोंकास तेलासाठीं भोंक असतें, आणि तेथें गोलाचा माथा छाटला गेलेला असतो. ५/१६ इंच व्यासाच्या टोंकास ०.१०० इंचाचें भोंक असेल, तर दोन्हीं टोंकें मिळून सुमारे ०.०१६ इंच लांबी कमी भरते. तेव्हां विक्रेता कोणती लांबी सांगतो, छाटलेली कीं पूर्ण गोलाची, हें विचारल्यावांचून मागणी पाठवूं नये.

चुकीचें प्रायश्चित्त कडक असतें. तेलाच्या टॅपेटावर दांडा फार लांब पडला, तर दट्ट्या तळास टेकतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीं, आणि तापलेल्या वायूनें त्याची कड जळते. दांडा आंखूड पडला, तर प्रत्येक उघडझांपेस आघात होतो. पट्टा कडेला गेला, तर देठावर आडवा जोर पडून त्याची नळी झिजते.

पुशरॉडचे दिवस संपले असें मानणाऱ्यांस १९९४ सालीं इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतींत चकित व्हावें लागलें. तेथील नियमांनीं पुशरॉडच्या इंजिनास मोठा आकार व हवेचा अधिक दाब यांची सवलत दिली होती. रॉजर पेन्स्के याच्या चमूसाठीं इंग्लंडमधील इल्मोर कंपनीनें गुप्तपणें असें इंजिन घडविलें, आणि मर्सिडिझच्या नांवानें तें शर्यतींत उतरलें. त्यांत कॅमशाफ्ट शक्य तितका वर घेऊन पुशरॉड अतिशय आंखूड ठेवले होते, कारण दांडा जितका आंखूड तितका तो कमी लवतो. अल अन्सर धाकटा यानें ती शर्यत जिंकली. त्यानंतर नियमांतील सवलत कमी करण्यांत आली. २०२० सालच्या कॉर्व्हेट मोटारींतहि ६.२ लिटरचें पुशरॉडचेंच इंजिन बसविण्यांत आलें.

छापील आंकडा खोटा असतो असें मला म्हणावयाचें नाहीं. तो १९०८ च्या त्या परीक्षेंतून आलेला, मोठ्या श्रमानें मिळविलेला आंकडा आहे. शाळेंत गणित शिकवितांना मुलांस एक गोष्ट वारंवार सांगावी लागे: पुस्तकामागें छापलेलें उत्तर पुस्तकांतल्याच उदाहरणाचें असतें, उदाहरणांतला एक आंकडा बदलला, कीं तें उत्तर आपलें राहत नाहीं. ज्यानें इंजिनाचा एकहि भाग बदलला, त्यानें आपलें उदाहरण बदललें आहे. त्याचें उत्तर कोणत्याहि यादींत नाहीं. तें त्याच्यासमोर मेजावर उघड्या पडलेल्या इंजिनांत आहे, आणि शाईच्या एका पट्ट्यानें तें वाचतां येतें.