कुणाच्या कामाचा हिशोब कुठे लागतो?



आमच्या गटातल्या एका मावशींची कडधान्य राखायची पद्धत आहे. चुलीची राख चाळायची, ती मुगा-मटकीला चोळायची आणि वर वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायचा. एका प्रशिक्षणात त्यांनी ती सगळ्यांना करून दाखवली. पुढे एका माहितीपत्रकात तीच पद्धत छापून आली, पण मावशींचं नाव कुठेच नव्हतं. मावशी म्हणाल्या, "जाऊ दे गं, लोकांच्या कामाला आलं ना!" आम्हाला मात्र ते झोंबलं.

अभ्यासकांच्या जगातही हाच प्रश्न असतो. तिथे त्याचा हिशोब कसा ठेवतात आणि त्या हिशोबातून काय निसटतं, ते आज एका ग्रंथपालाच्या गोष्टीतून सांगतो.

त्यांचं नाव शियाळी रामामृत रंगनाथन. जन्म १८९२ चा, तमिळ मुलखातला. ते गणिताचे शिक्षक होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमलं. सुरुवातीला त्यांचं मन तिथे रमेना. मला परत शिकवायला जाऊ द्या, असं ते म्हणू लागले. पण विद्यापीठाने त्यांना शिकायला लंडनला पाठवलं. तिथे त्यांनी शंभराहून जास्त ग्रंथालयं पाहिली. एका मोठ्या दुकानात त्यांना मुलांचं एक खेळणं दिसलं. त्यात पट्ट्या आणि स्क्रू होते, आणि तेच सुटे भाग जोडून कधी गाडी व्हायची, कधी पूल. त्यावरून त्यांना सुचलं, की पुस्तकाचा विषयही असाच तुकड्यांनी जोडता येईल.

समजा, पुस्तक भातावरच्या रोगाचं आहे. तर पीक कोणतं, अडचण कोणती, प्रदेश कोणता, काळ कोणता, असे तुकडे करायचे. प्रत्येकाला खूण द्यायची आणि खुणा जोडून पुस्तकाचा नंबर तयार करायचा. ही त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत १९३३ साली छापून आली. त्याआधी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले होते. पुस्तक कुलपात ठेवायला नसतं, ते वापरायला असतं, हा त्यातला पहिला. बाकीच्यांचा सारही सोपा आहे: वाचणाऱ्याला हवं ते मिळावं, पुस्तकालाही वाचणारा मिळावा, कुणाचा वेळ फुकट जाऊ नये, आणि ग्रंथालय वाढत राहावं.

त्याच वर्षी मन्नारगुडी भागात पुस्तकांची बैलगाडी गावोगाव फिरू लागली. त्यामागे कनकसभाई पिल्लई यांची खटपट होती. आज तिची आठवण काढताना बरेचदा रंगनाथन यांचंच नाव निघतं. म्हणून पिल्लईंचं नाव इथे मुद्दाम सांगितलं.

आता हिशोबाकडे येऊ. अभ्यासक लेख लिहितो तेव्हा कुणाकुणाच्या कामाचा आधार घेतला, ते शेवटी नोंदवतो. त्याला संदर्भ म्हणतात. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून एक वही निघत होती. जुना निकाल पुढे कोणकोणत्या खटल्यांत वापरला, ते तिच्यात सापडायचं. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली सुचवलं, की विज्ञानासाठीही तसंच करावं. १९६४ साली त्यांची विज्ञानाची संदर्भसूची बाहेर पडली. कुणाचं काम किती जणांनी वापरलं, ते आता मोजता येऊ लागलं. त्याआधी जुन्या लेखावरून पुढचे लेख शोधणं फार जिकिरीचं होतं. १९८४ साली याच गारफिल्ड यांनी रंगनाथन यांच्या कामावर दोन भागांत लेख लिहिला.

पण या मोजणीलाही मर्यादा आहेत. ती मुख्यतः नियतकालिकांतले संदर्भ मोजते, आणि त्यातही इंग्रजीचा वाटा मोठा. ग्रंथालयशास्त्र ज्या सूचीत येतं, ती समाजशास्त्रांची सूची १९७३ साली निघाली. रंगनाथन तर १९७२ सालीच गेले होते. त्यांनी पन्नासहून अधिक पुस्तकं लिहिली, शिष्य तयार केले, गावोगावच्या ग्रंथालयांसाठी कायद्याचे मसुदे केले. १९४८ चा मद्रासचा ग्रंथालय कायदा त्यांच्या प्रयत्नांतून आला. हे काम संदर्भांच्या आकड्यात कसं मावणार?

आणखी एक गंमत. काम फार रुळलं की नाव गळून पडतं. आपण मोबाईलवर साडी शोधतो तेव्हा रंग, कापड, किंमत असं वेगवेगळं निवडतो. असे पैलू पाडून शोधण्याची वाट रंगनाथन यांच्या पद्धतीकडे जाते. पण तिथे बोट ठेवताना त्यांचं नाव कोण घेतं? म्हणजे संदर्भ कमी दिसले म्हणून वापर कमी, असं नाही. उलट कधी कधी वापर इतका होतो की सांगायचंच राहून जातं.

स्वतः रंगनाथन नाव लिहायला विसरले नाहीत. आयुष्यभराच्या बचतीतून त्यांनी मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपये दिले, ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी. त्या पदाला नाव दिलं पत्नीचं, शारदा रंगनाथन यांचं. घर सांभाळणाऱ्या बाईचा संदर्भ कुठल्याच सूचीत लागत नाही. तो त्यांनी असा लावला.

मैत्रिणींनो, मावशींचं म्हणणं खरंच आहे, काम लोकांच्या उपयोगी पडलं हे मोठं. पण नाव लिहिलेलं असलं, तर पुढच्या बाईला कळतं की अडलं तर विचारायचं कुणाला. म्हणून आम्ही गटाच्या इतिवृत्तात एक रकाना वाढवला आहे: ही गोष्ट कुणाकडून शिकलो. पहिल्या ओळीत मावशींचं नाव लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि मगच अंगठ्याऐवजी सही केली.

तुमच्या वहीत पहिलं नाव कुणाचं येईल, ते पुढच्या बैठकीत ठरवा. नमस्कार.