हाडे घडवणारी औषधे : उभारणी आणि राखण

हाड वरवर निर्जीव भासले, तरी त्याची मोडतोड आणि बांधणी आयुष्यभर सुरू असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड शोषून घेतात, तर ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी नवे हाड रचतात. वाढत्या वयात हा तोल ढळतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने स्त्रियांमध्ये झीज वेगाने होते. अस्थिघनतेच्या तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली आल्यास ऑस्टिओपोरोसिसचे निदान केले जाते. हा विकार बहुधा मूकपणे वाढतो. साध्या पडण्याने मोडलेले मनगट, मणका वा खुबा हीच अनेकदा त्याची पहिली खूण ठरते.

यावरील औषधांचे मुख्यतः दोन गट आहेत. अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक आम्ल आणि डेनोसुमॅब ही औषधे झीज रोखतात. दुसऱ्या गटातील औषधे नवे हाड घडवतात. त्यांपैकी टेरिपॅराटाइड म्हणजे पॅराथायरॉइड संप्रेरकातील ८४ अमिनो आम्लांपैकी पहिल्या ३४ आम्लांची साखळी. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये मान्यता मिळाली. हे संप्रेरक रक्तात सतत वाढलेले राहिले, तर हाडे पोखरली जातात. मात्र दिवसातून एकदाच, २० मायक्रोग्रॅम इतक्या मात्रेत त्वचेखाली टोचल्यास अस्थिरचना करणाऱ्या पेशींना चालना मिळते. हा उपचार साधारणतः कमाल दोन वर्षे चालतो.

रोमोसोझुमॅबची कार्यपद्धती वेगळी आहे. हाडांच्या बांधणीला लगाम घालणारे स्क्लेरोस्टिन हे प्रथिन ते निष्प्रभ करते. ते महिन्यातून एकदा, वर्षभर दिले जाते. मागील वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णांना ते दिले जात नाही. मणक्याचे अस्थिभंग झालेले वा अस्थिभंगाचा धोका फार मोठा असलेले रुग्ण यांच्यासाठी या गटाचा प्रामुख्याने विचार होतो.

रुग्णांची गफलत बहुधा उपचार संपल्यावर होते. इंजेक्शनांचा क्रम पूर्ण झाला, की आजार बरा झाला असे मानून औषधे थांबवली जातात. परंतु घडलेले हाड आपोआप टिकत नाही. पुढे झीज रोखणारे औषध न घेतल्यास वाढलेली घनता पुन्हा घटू लागते. कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व हा बांधणीचा कच्चा माल आवश्यकच आहे, पण तो या औषधाची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच शेवटचे इंजेक्शन घेण्यापूर्वी पुढील औषध कोणते व ते केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांकडून निश्चित करून घ्यावे.