तंत्रकुशल कामगारांची सरकारी व लष्करी भरती (धाराशिव जिल्हा)

सैनिक नसलेल्या कारागिरांना शस्त्रनिर्मिती, दुरुस्ती व देखभालीसाठी शासकीय सेवेत घेण्याची पद्धत. तिचा जुना दाखला जिल्ह्यातील परांडा किल्ल्याशी जोडलेला आहे. निजामशाहीने मुहम्मद बिन हुसेन रूमी या तुर्की ओतकाराला पदरी ठेवले. त्याने 1549 मध्ये अहमदनगरला ओतलेली ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ पुढे परांड्यात होती. 1632 मध्ये आदिलशाहीच्या मुरार पंडिताने ती विजापूरला नेली. ओतकाराचे नाव तोफेवरच कोरलेले आहे. असा मान कारागिराच्या वाट्याला क्वचितच येतो.

आज आयटीआयमधून फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री झालेली मुले 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली प्रशिक्षण घेतात. मुंबईची नौदल गोदी, खडकी व देहूरोडचे आयुध कारखाने, लष्करी अभियांत्रिकी सेवा ही या कामाची परिचित ठिकाणे. त्यासाठी जिल्हा सोडावा लागतो. निवडीत लेखी परीक्षेबरोबर बहुधा हातकामाचीही चाचणी असते. 1 ऑक्टोबर 2021 पासून आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. जुने कर्मचारी प्रतिनियुक्तीवर मानले गेले, त्यामुळे त्यांचा केंद्रीय कर्मचाऱ्याचा दर्जा टिकला. नव्याने येणाऱ्याला मात्र कंपनीच्या अटी लागू होतात.