चोवीस पत्रे आणि एक फोन नंबर



१९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. रुग्णाची वाट पाहत बसायचे नाही, आपणच खेड्यात जायचे, असे तिथल्या शिक्षणाचे वळण. त्याच वर्षी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला डॉ. जेरोम मोटो यांनी एक प्रयोग हाती घेतला. वरवर पाहता संबंध नाही. पण प्रश्न सारखाच होता. जो रुग्ण आपल्याकडे येत नाही, त्याचे काय करायचे?

मोटो दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते. तेव्हा ओळखीची एक मुलगी त्यांना पत्रे लिहायची. दूर कुणाला तरी आपली आठवण आहे, एवढ्यानेच किती आधार वाटतो हे त्यांनी अनुभवले होते. पुढे मनोविकारतज्ज्ञ झाल्यावर त्यांनी हीच गोष्ट तपासून पाहिली. नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात राहिलेल्या, पण घरी गेल्यावर पुढचे उपचार न घेणाऱ्या ८४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रे गेली. त्यात औषधांची चौकशी नाही, उपदेश नाही. कसे आहात, वाटले तर कळवा, एवढेच. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटात आत्महत्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी राहिले.

युद्धात सुचलेली ही कल्पना पुन्हा सैन्यात आली. आत्महत्येचे विचार येणाऱ्या ६५८ अमेरिकी सैनिकांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या सैनिकांना नेहमीच्या उपचारांबरोबर वर्षभरात ११ मोबाइल संदेश गेले. अभ्यासाच्या मुख्य निकषांवर फरक दिसला नाही. मात्र वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांचे प्रमाण संदेश मिळालेल्यांत ९ टक्के, तर इतरांत १५ टक्के होते. म्हणजे संदेश हा उपचारांना पर्याय नाही, जोड आहे.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही सरकारी हेल्पलाइन सुरू झाली. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा खास कक्ष सुरू झाला, तो सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी. जवानाने मन मोकळे करणे हा दुबळेपणा नव्हे, याची ही सरकारी पोचपावतीच म्हणायची.

जवान बहुधा चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतो. गावी सत्कार होतो, हारतुरे होतात आणि मग एकदम शांतता. पलटणीतले सोबती पांगलेले असतात. अशा वेळी आपण काय करू शकतो?

• महिन्यातून एकदा फोन किंवा निरोप. उत्तर आले नाही तरी थांबू नका.
• झोप उडाली, दारू वाढली, माणूस एकटा राहू लागला तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.
• धोका वाटला तर त्याला एकटे सोडू नका. बंदूक, कीटकनाशके आणि औषधांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा आणि लगेच दवाखान्यात न्या.

टेलिमानसचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. आजच मोबाइलमध्ये साठवून ठेवा आणि ओळखीच्या एका माजी सैनिकाला सहज म्हणून फोन करा.